हाक कुणाला पडते

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग पुरुष शिक्षकाकडे असावा, हे माण तालुक्यातल्या बऱ्याच पालकांच्या पचनी पडत नाही. "गुरुजी, ल्हान पोरास्नी बाई द्या की," असं जून उजाडला की कुणी ना कुणी मला म्हणतंच. म्हणणाऱ्याच्या मनात माझ्याविषयी वाकडं काही नसतं. नाक पुसणं, ओली चड्डी बदलणं, रडणाऱ्याला जवळ घेणं ही बाईमाणसाची कामं. आणि चौथीची गणितं, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं ही गुरुजींची, अशी वाटणी गावाने कधीची करून ठेवली आहे. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. सहकारी बाई सेवेने ज्येष्ठ, म्हणून मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे. तिसरी-चौथी त्या घेतात, पहिली-दुसरी मी. गावाची वाटणी आमच्याकडे अशी उलटी झाली आहे आणि मला लहान वर्गच मनापासून आवडतो.

पहिलीत येणाऱ्या मुलाला अजून अक्षरओळख व्हायची असते. पण कुठल्या कामाला घरातलं कोण उठतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बाहेरून माणूस आला की पाण्याचा तांब्या कोण आणतं, बाजाराच्या पिशवीतले पैसे कोण मोजतं, रात्री कुत्रं भुंकलं तर बॅटरी घेऊन बाहेर कोण जातं, जेवायला शेवटी कोण बसतं. हे त्याला कुणी शिकवायला बसलेलं नसतं. दिवसभर घरात हाका चालू असतात आणि कुठली हाक आपल्याला आहे, कुठली नाही, हे मूल फार लवकर ओळखतं. आई "पाणी आण गं" म्हणाली की शेजारी बसलेला भाऊ मानही वर करत नाही. त्याला आळशी म्हणता येणार नाही. ती हाक आपल्यासाठी नाही, एवढं तो शिकलेला असतो.

शाळेतही हाका असतातच. बाक उचलायला मुलगे, रांगोळीला मुली. घंटा मुलग्याने द्यायची, औक्षणाचं ताट मुलीने धरायचं. ऑफिसच्या किल्ल्या कुठल्या तरी दांडगट मुलाच्या कमरेला आणि फुलदाणीतलं पाणी बदलायला एखादी शांत मुलगी. मी ज्या ज्या शाळांत काम केलं तिथे हे असंच होतं. असं करायचं कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून ते बदलायचं असतं हेही कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

आमच्याकडे एकदा तपासणीला साहेब आले. मी पहिलीच्या मुलांत सतरंजीवर बसलो होतो, बाई ऑफिसात कपाटापाशी. साहेब थेट माझ्याकडे आले आणि सगळे प्रश्न मलाच विचारू लागले. "मुख्याध्यापक बाई आहेत," असं मी सांगितलं. "हो हो," म्हणून ते बाईंकडे वळले आणि म्हणाले, "जरा चहाचं बघता का?" पाठोपाठ पटसंख्येचा प्रश्न पुन्हा मला. समोर सगळी मुलं होती. साहेबांचं वागणं उद्धट नव्हतं. त्यांनाही लहानपणापासून तशाच हाका ऐकू आल्या असणार.

पुढच्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत पोरं लिंबाखाली शाळा-शाळा खेळत होती. एक मुलगा साहेब झाला होता. खिशाला काडी खोचून तो आला, गुरुजी झालेल्या मुलाशी हात मिळवला आणि बाई झालेल्या मुलीकडे न बघताच म्हणाला, "च्या सांगा." मुलगी लगेच उठली आणि करवंट्या गोळा करू लागली. बाई आणि मी दोघंही व्हरांड्यातून बघत होतो. त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं, पाहुणे आले की चहा मी आणायचा आणि खुर्चीवर बाईंनी बसायचं. शेजारच्या घरून किटली आणायला मी निघालो की सुरुवातीला चौथीच्या मुली धावत यायच्या, "गुरुजी, आमी आणतो, आमी आणतो." किटली हातातून काढूनच घ्यायच्या. पुढे ते थांबलं. आता गुरुजी किटली घेऊन चालले आहेत याकडे कुणी वळूनही बघत नाही.

मी वर्गात दरवर्षी शेतकऱ्याचं चित्र काढायला सांगतो. दरवर्षी पागोटं येतं, मिशा येतात, बैलजोडी येते. पँट घातलेला, ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरीही आता दिसू लागला आहे, पण तोही बाप्याच. चित्रं भिंतीला लावून झाली की मी विचारतो, "आज सकाळी तुमच्या रानात कोण गेलं?" आई. आज्जी. आई आणि चुलती. आमच्या खटाव-माणमधले आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीकडचे पुष्कळ पुरुष गलाईच्या धंद्यात परमुलखात असतात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची त्यांची दुकानं देशभरातल्या सराफ पेठांत आहेत. जत्रेला येतात, दिवाळीला येतात. मधल्या काळात ज्वारी-बाजरीची पेरणी, खुरपणी, काढणी, जनावरं, दूध, शेळ्यांची करडं, सगळं बायका बघतात. ते बघत वाढलेलं मूलही पागोटंच काढतं. आईला विचारलं तर तीही "मी घरीच असते" असंच सांगते. सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं. मग मुलाच्या चित्रात ती यायची कुठून?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली. लोकांचा दिवसाचा वेळ कुठे जातो, हे तीत मोजलं होतं. घरातल्या बिनपगारी कामात हातभार लावणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. यातही मुळात हातभार लावणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१. आकडे वाचून मला नवल वाटलं नाही, पण एका गोष्टीने मी थबकलो. या मोजणीत सहा वर्षांपासूनची माणसं धरली होती. म्हणजे माझ्या पहिलीतली मुलंसुद्धा. पहिलीतली मुलगी सकाळी भावाच्या शेंबड्या तोंडावरून पाण्याचा हात फिरवून, त्याला अंगणवाडीत सोडून मग शाळेत येते. तिची मिनिटं त्या २९९ च्या खात्यात जमा व्हायला तेव्हाच सुरुवात झालेली असते.

त्याच वर्षी, २०१९ मध्ये, बालभारतीचं दुसरीचं नवं पुस्तक आलं. त्यात आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडताहेत असं एक चित्र होतं. त्याची वर्तमानपत्रांत खूप चर्चा झाली आणि मलाही अतिशय आनंद झाला. चित्रं घडवतात यावर माझा विश्वास आहे. मोठ्या उत्साहाने मी ते पान उघडलं आणि विचारलं, "काय दिसतंय?" मुलांनी सांगितलं, भाजी निवडताहेत. "कोण?" आई आणि पप्पा. "पप्पा का बरं निवडत असतील?" वर्ग क्षणभर गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "आईच्या हाताला लागलं आसंल." दुसरा म्हणाला, "पावणं येणार आसतील, लई भाजी आसंल." तिसऱ्याने सांगितलं, त्या पप्पांची सुट्टी आहे आणि त्यांना करमत नाहीये. 

मुलांनी चित्र नाकारलं नाही. आधीच्या समजुतीला धक्का न लावता त्यांनी ते त्यात बसवून घेतलं. असं कधीतरी होत असेल, त्याला काहीतरी कारण असेल, एवढंच. पुस्तकाची चूक त्यात काहीच नाही. एका पानाच्या विरुद्ध बाजूला त्या मुलांनी पाहिलेल्या सहा-सात वर्षांच्या सगळ्या सकाळी आणि संध्याकाळी होत्या.

उलट उदाहरणही माझ्याच वर्गातलं आहे. बँकेचं चित्र काढा म्हटलं की काही मुलं खिडकीआड बाईच काढतात, कुंकू आणि केसांच्या वेणीसकट. म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या मुलांच्या आया तिथे बचत भरायला जातात, मुलं पदर धरून सोबत असतात. त्यांच्या दृष्टीने बँकेत बायका बसतात. त्यासाठी त्यांना कुठलंही कारण शोधावं लागत नाही.

भाजीच्या चित्रावरून पुढे एक गोष्ट घडली. जत्रेसाठी गावी आलेल्या एका पालकाशी मी त्या तासाबद्दल बोलत होतो. ते तमिळनाडूत गलाईच्या दुकानात असतात. ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, मी पंध्राव्या वर्षी गेलो तवा पयलं वरीसभर काय केलं म्हायतीय? सैपाक. आठ माणसांच्या भाकरी थापायचो." धंद्यात नव्याने गेलेल्या पोराला आधी झाडलोट, पाणी, स्वयंपाक हेच करावं लागतं, भट्टीपाशी बसायला मग मिळतं. मी त्यांना वर्गात यायची विनंती केली. ते आले, मांडी घालून बसले आणि पीठ कसं मळायचं, तवा किती तापवायचा, भाकरी फुगली की कशी उलटायची, सगळं हाताने हवेत करून दाखवलं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. त्यांचा स्वतःचा मुलगाही समोर होता. बापाने केलेला घास त्याने कधी खाल्लेला नव्हता. प्रश्न सुरू झाले. मीठ कोण टाकायचं? खारट झालं तर? आणि एकाने विचारलं, "भांडी कोण घासायचं?" ते म्हणाले, "जो नवा आसंल त्यो. त्याच्याहून नवा आला की मग त्यो सुटला."

या उत्तरावर मी अजून विचार करतो आहे. परगावच्या त्या खोलीत बाई नव्हती, तरी भांडी घासायचं काम होतं आणि ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसाकडे ते जात होतं. तो पोरगा वर्षा-दोन वर्षांत वरच्या पायरीवर जातो आणि कामातून सुटतो. घरातल्या बाईला सुटकेची तशी पायरीच नाही, सून येईपर्यंत. मुलांना हे आपल्या शब्दांत सांगता येत नाही, पण कळतं ते हेच. बाई कशी असते आणि पुरुष कसा असतो हे त्यांना फार पुढे कळतं. कुणाला काम सांगायचं आणि कुणाला सांगायचं नाही, हे त्याच्या कितीतरी आधी कळतं. म्हणून केवळ मुलींना धीट करून भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. काम खालच्या पायरीचं राहिलं तर ते करायला कुणीतरी खालच्या पायरीवर ठेवलं जाणारच.

मुलग्यांचं या व्यवस्थेत सगळं बरं चाललंय असं मात्र कुणी समजू नये. एका मुलाचं लाडकं कोकरू बापाने बाजारात विकलं. दुसऱ्या दिवशी पाढे म्हणता म्हणता त्याचे डोळे भरले आणि हुंदका फुटला. मागून आवाज आला, "पोरीवाणी रडतंय." त्यासरशी त्याचं रडं थांबलं. ते ओसरलं नाही, कापल्यासारखं थांबलं. सात वर्षांच्या मुलाने एवढ्या झटक्यात गळा आवळून घ्यावा, इतका सराव त्याला झालेला होता. मी त्याला जवळ घेतलं, सगळ्यांसमोर. पहिलीला गुरुजी असण्याचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो इथे. रडणाऱ्याला कुशीत घेणारा पुरुष या मुलांच्या रोजच्या बघण्यात असतो.

गणवेशाचीही एक हकिकत आहे. मुलग्यांच्या चड्डीला दोन खिसे, शर्टाला एक. मुलींच्या फ्रॉकला एकही नाही. मुलींना ठेवायला काही नसतं असं थोडंच आहे? चिंचोके असतात, गजगे असतात, खोडरबर, रुमाल, खाऊचा रुपया. हे सगळं एक तर मुठीत धरायचं नाहीतर दप्तरात. मूठ आवळलेली असली की पळता येत नाही, लंगडी घालताना तोल सांभाळायला दुसरा हात मोकळा राहत नाही. गजगे हरवू नयेत म्हणून झाडाखाली बसून राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. "मुलींना बैठे खेळ आवडतात," असं आम्ही शिक्षकच एकमेकांना सांगत असतो! शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बाईंनी विषय काढला, मुलींच्या फ्रॉकला दोन्ही बाजूंनी खिसे हवेत. शिंप्याचं म्हणणं, कापड जास्त लागतं, शिलाई वाढते आणि फ्रॉकला खिसा शोभत नाही. बाईंनी ठणकावून सांगितलं, "शोभेचं राहू द्या, खोल ठेवा." खिसे झाले. महिन्याभरात मुलींच्या खिशांत काय काय सापडलं म्हणून सांगू! काचेचा तुकडा, सुतळी, अर्धवट खाल्लेलं बोर, सायकलचा छरा, मेलेला भुंगा काडेपेटीत.

हजेरीपत्रकात आधी मुलग्यांची नावं आणि मग मुलींची, हा रिवाज मी माझ्या शाळकरी दिवसांपासून पाहत आलो. फळ्यावरच्या तक्त्यातही मुले, मुली, एकूण हाच क्रम. मुली किती आणि मुलगे किती, हे मोजायलाच हवं. मुली कमी झालेल्या कळतात त्या मोजणीमुळेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या, हे मोजलं नसतं तर कळलं नसतं. पण हाक मारताना मुलींनी रोज मुलग्यांच्या मागे थांबायचं कारण नाही. वर्गात मी नावं जन्मतारखेच्या क्रमाने घेतो. जो आधी जन्मला त्याचं नाव आधी. मुलांना हा न्याय ताबडतोब पटला.

नावाचा विषय आमच्या जिल्ह्यात हळवा आहे. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी समजूत. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. मुलींनी स्वतः ती निवडली. फार मोलाचं काम झालं ते. मात्र कागदावरचं नाव बदललं तरी आज्जीच्या तोंडातलं नाव जायला वेळ लागतो. नंतर माझ्या वर्गात आलेल्या एका मुलीचं दाखल्यावरचं नाव सुरेख होतं, पण तिला न्यायला येणारी आज्जी फाटकातून जुन्याच वळणाची हाक मारायची. मुलगी दोन्ही नावांना ओ द्यायची. शाळेत घेतलेल्या नावाला मोठ्याने, फाटकातल्या हाकेला नुसती मान हलवून. मी आज्जींना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणालो, "आज्जी, वर्गात हजेरी घ्या की आज तुम्ही." मी नावं सांगत गेलो, त्या म्हणत गेल्या. नातीचं नाव आलं तेव्हा त्यांनी तेही घेतलं, जरा अडखळून. मुलगी ताडकन उभी राहिली. पुढे आज्जींना सवय झाली असं मी म्हणणार नाही. कधी हे नाव, कधी ते.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा नियम राज्याने केला आहे. ती मुलं २०३० च्या जूनमध्ये पहिलीत येतील. आईचं नाव आजही आमच्या जनरल रजिस्टरात असतं, पण वेगळ्या रकान्यात, हाक मारताना कुणाच्या तोंडी न येणारं. ते हाकेतच आलं की काय होतं, हे बघायला मला आवडेल.

सध्या आमच्या गावात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा विषय आहे पळण्याचा. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोही गावची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. इथल्या मुलांना तिचं घर कुठे आहे ते माहीत आहे, तिच्या गावची जत्रा माहीत आहे. ती पळाली याला त्यांना आजारपण किंवा सुट्टी असलं काही कारण लावावं लागत नाही. आपल्याकडच्या पोरी पळतात, एवढं त्यांच्या मनात सरळ बसलं आहे. केंद्राच्या क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की तिसरी-चौथीच्या मुली पहाटे रस्त्यावर सरावाला येतात. आधी त्यांच्या घरचे अंधारात सोडायला कुरकुरायचे. आता कुणाची आई तर कुणाचा चुलता रस्त्याकडेला उभा असतो.

अडचण आहे ती पाण्याची. उन्हाळा लवकर लागला की टँकर सुरू होतात, आणि टँकर पहाटेच येतो. त्या दिवशी पळायला मुलगे सगळे हजर, मुली निम्म्याहून कमी. कळशा लावायच्या, रांगेत थांबायचं, वाहून आणायचं, ही हाक मुलींना आहे. बाईंनी आणि मी पालक सभेत हा प्रश्न मांडला तेव्हा आयांनी स्पष्ट विचारलं, "पळूं द्या वो, पर पानी कुनी भरायचं?" प्रश्न रास्त आहे. पाणी तर भरावंच लागणार. आम्ही म्हटलं, मुलग्यांना पाठवा, आठ-नऊ वर्षांचा मुलगा लहान कळशी सहज आणतो, आणि सरावाचे दिवस वाटून घ्या. एका आज्जींना ते अजिबात रुचलं नाही. एका बापाने, आमच्या त्या भाकरीवाल्यांनी, फोनवरून बायकोला सांगितलं की आपल्या पोराला रांगेत उभं करायचं. तो उभा राहिला. पहिल्या दिवशी पोरांनी त्याला चिडवलं, तेव्हा बाई जाऊन त्याच्या शेजारी स्वतःची कळशी घेऊन थांबल्या. आता रांगेत आणखी काही मुलगे दिसतात. बाकीच्या घरांशी आमचं बोलणं चालू आहे, आणि टँकरचा वार बदलून मिळावा म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्जही दिला आहे, खाली बाईंची सही आणि शिक्का.